‘फ्थ’चं कूळ: एका विचित्र अक्षरचौकडीचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे आम्ल-अल्कली ओळखायचं रसायन, त्याच्या बाटलीवरची चिठ्ठी मी एकोणीस वर्षं चुकीची लिहिली. वडोदऱ्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी होती. रोज टायट्रेशन (थेंबथेंब द्रव सोडून आम्लाचं प्रमाण मोजणं), रोज ब्युरेटखाली गुलाबी झालेला फ्लास्क, आणि बाटलीवर माझ्या वळणदार अक्षरात ते नाव, मधला एक एच खाऊन. कुणी टोकलं नाही, कारण वाचणारेही तसंच लिहायचे. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या बाईंनी खिशातलं पेन काढलं, बाटलीवर एवढासा एच घुसवला आणि एक शब्द न बोलता पुढच्या टेबलाकडे गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निवृत्तीनंतर नातीच्या शाळेत इंग्रजी स्पेलिंगची स्पर्धा निघाली आणि तिच्या यादीत पी-एच-टी-एच ही चौकडी असलेले आठ-नऊ शब्द एकदम समोर आले. जुनं दुखणं उफाळलं. मग आम्ही दोघांनी ही चौकडी नीट सोडवली. आता आमच्या दांडिया बाजारातल्या जिन्यावर शनिवारी तीन-चार मुलं आणि त्यांच्या आया असतात. प्रत्येक नव्या माणसाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. पालक असाल, स्पर्धेला बसणारे असाल किंवा माझ्यासारखे उशिरा शहाणे झालेले असाल, रीत तीच.

आधी काय जमवाल

- शंभर पानी वही, आडव्या रेघांची. सुटे कागद नकोत, हरवतात.
- व्युत्पत्ती देणारा जाडजूड इंग्रजी शब्दकोश. खिशातल्या कोशाचा इथे उपयोग नाही. त्यात अर्थ असतो, शब्द कुठून आला ते नसतं.
- एक चांगला इंग्रजी-मराठी कोश.
- मोबाइल, पण दोनच कामांसाठी: शब्द हुडकायला आणि उच्चार ऐकायला.
- दोन रंगांची पेनं. लाल रंग फक्त त्या चौकडीसाठी.

जाड कोश विकत घ्यायची गरज नाही. आपल्या गावात, म्हणजे वडोदऱ्यात, मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभारलेली. पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन बघायला म्हणून तरी मुलांना न्या. संदर्भाची पुस्तकं बहुधा तिथेच बसून वाचावी लागतात, म्हणून वही सोबत ठेवा. सभासद व्हायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन जा, आणि वेळ आधी विचारून घ्या. शब्दांचा नाद या शहराला जुनाच आहे. बडोदे संस्थानाने 1931 साली ‘सयाजी शासनशब्दकल्पतरू’ काढला, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत असे अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी लावलेले आहेत. आपण करणार ते त्याचंच घरगुती रूप.

1. अक्षरांचा तुकडा निवडताना

टी-आय-ओ-एनसारखा तुकडा घेऊ नका, हजारो शब्द निघतील आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नसेल. तुकडा असा हवा की बघताक्षणी ‘हे काय?’ असं वाटावं. सुरुवातीला पी-एच-टी-एच उत्तम. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच्यावरच दाखवतो.

2. आधी तुकडा सोडवा, शब्द नंतर

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळी मेख इथेच आहे.

इंग्रजीत चार व्यंजनं ओळीने दिसतात म्हणून भीती वाटते. पण हे शब्द मुळात ग्रीक, आणि ग्रीकमध्ये ही चार नव्हे, दोनच अक्षरं आहेत: फाय आणि थीटा. प्राचीन अथेन्समध्ये फायचा उच्चार ‘फळ’मधल्या फसारखा होता (‘फॅन’मधल्यासारखा नव्हे) आणि थीटाचा ‘थंड’मधल्या थसारखा. म्हणजे आपले महाप्राण! रोमन लिपीत महाप्राणाला स्वतंत्र अक्षरच नाही, म्हणून रोमन लोकांनी प आणि त लिहून प्रत्येकाच्या मागे श्वासाचा एच लावला. पी-एच म्हणजे फ, टी-एच म्हणजे थ. जोडून ‘फ्थ’. इंग्रज मुलाला जे चार अक्षरांचं पाठांतर आहे, ते आपल्याला एक जोडाक्षर आहे.

हे कळलं की माझी एकोणीस वर्षांची चूक कुणी करूच शकत नाही. एच गाळला की फ्थचा ‘प्थ’ होतो, आणि ते वेगळं जोडाक्षर आहे. मुलांना मी एवढंच विचारतो: फ्थ की प्थ?

3. शब्द हुडका

छापील कोश पहिल्या अक्षरावर लावलेला असतो, त्यामुळे पोटात दडलेली चौकडी त्यात सापडत नाही. इथे मोबाइल घ्या. वनलूकसारख्या शब्दशोधक संकेतस्थळावर तारका, मग चारही अक्षरं, मग पुन्हा तारका असं मध्ये जागा न सोडता टाका. तारका म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. सुरुवातीची तारका काढली तर फ्थने सुरू होणारे शब्द मिळतात, शेवटची काढली तर फ्थवर संपणारे.

ढीग येईल. घाबरू नका, त्यातली बरीचशी लांबलचक रसायनांची नावं असतात. पहिल्या फेरीत पंधरा-वीस शब्द पुरे. निवडीचा माझा निकष सोपा आहे: ज्याचा अर्थ मराठीत एका वाक्यात सांगता येईल तो ठेवा, बाकीचे नंतर.

4. कुळं पाडा

यादी वर्णानुक्रमे पाठ करू नका. बायोडेटा पाठ करून माणूस ओळखीचा होत नाही. कुणाचं कोण, ते बघा. फ्थच्या शब्दांची मुख्य कुळं अशी.

*डोळ्याचं कूळ.* ग्रीक ऑफ्थाल्मॉस म्हणजे डोळा. ऑफ्थॅल्मॉलॉजी हे नेत्रविज्ञान, ऑफ्थॅल्मोस्कोप हे डोळ्यात आतवर पाहायचं उपकरण. ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 साली जगापुढे आणलं. झेरॉफ्थॅल्मिया म्हणजे अ-जीवनसत्त्वाअभावी डोळे कोरडे पडण्याचा विकार. एक्सॉफ्थॅल्मॉस म्हणजे थायरॉइडच्या काही आजारांत डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं. माझ्या नातीचा आवडता बफ्थॅल्मॉस: ‘बैलाचा डोळा’. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात जन्मजात दाब वाढून डोळा मोठा होतो, त्याचं हे नाव. याच कुळात सगळ्यात जास्त एच गळतात. रावपुऱ्याकडे जाताना एका दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द एच गाळून रंगवलेला आहे. आमची मुलं तिथून जाताना ‘प्थ! प्थ!’ करतात, थुंकल्यासारखं. मी दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा हसू आलं.

*आवाजाचं कूळ.* फ्थॉन्गॉस म्हणजे आवाज. डिफ्थॉन्ग म्हणजे दोन स्वरांचा मिळून एक आवाज, मराठीत संयुक्त स्वर. मराठी माणूस ‘पैसा’ म्हणतो तेव्हा तोंड अ-कडून इ-कडे सरकतं, तो डिफ्थॉन्ग. टीव्हीवरचा हिंदी निवेदक तोच शब्द एका ठिकाणी तोंड ठेवून म्हणतो, तो मोनोफ्थॉन्ग. घरात दोन्ही ऐकू येतात, त्यामुळे मुलांना हे लगेच कळतं. इथला सापळा असा, की डिफ्थॉन्ग म्हणजे दोन स्वराक्षरं शेजारी आली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हा आवाजाचा हिशोब आहे, लिखाणाचा नाही. इंग्रजी ‘ब्रेड’मध्ये ई आणि ए शेजारी आहेत पण आवाज एकच. ‘माइन’मध्ये मधे एकटा आय आहे आणि तो डिफ्थॉन्ग आहे.

याच घरातला आडदांड भाऊ म्हणजे अपॉफ्थेग्म: नेमकं, टोकदार वचन. आपण उक्ती म्हणतो तसं. ए-पी-ओ-पी-एच-टी-एच-ई-जी-एम. अमेरिकेत पी आणि त्याच्या मागचा एच काढून सुटसुटीत स्पेलिंग करतात, तेव्हा स्पर्धा कोणता कोश मानते ते आधी विचारा.

*नॅफ्थाचं कूळ.* हे तर आपल्या गावचं. कोयलीची रिफायनरी 1965 पासूनची, आणि 1969 साली स्थापन झालेल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल्स कंपनीमुळे ‘नॅप्था’ हा शब्द वडोदऱ्यातल्या कित्येक घरांत जेवणाच्या ताटावर बोलला जायचा. कच्च्या तेलातून निघणारा हलका, चटकन पेट घेणारा भाग, तो फोडून प्लास्टिकचा कच्चा माल करतात. नॅफ्थॅलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या. ते नाव जॉन किड यांनी 1821 साली दिलं.

आता गंमत. लोराँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1836 साली नॅफ्थॅलीनपासून एक आम्ल बनवलं आणि त्याला नॅफ्थॅलिक म्हटलं. पुढे कळलं की त्याचं सूत्र चुकलंय, तेव्हा नावाचं डोकं, म्हणजे ‘नॅ’, उडवलं आणि उरलं थॅलिक (लिहिताना फ्थ, बोलताना फ गिळतात). म्हणजे ही शब्दाची शेपटी आहे, तिला स्वतःचा ग्रीक अर्थ नाही! त्या शेपटीतून पुढे प्लास्टिक नरम करणारे थॅलेट आले, जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने 1871 साली शोधलेलं माझं फिनॉल्फ्थॅलीन आलं, आणि थॅलोसायनीन हे निळं-हिरवं रंगद्रव्य आलं. फाइन आर्ट्सच्या मुलांना विचारा, त्यांच्या पेटीत ‘थॅलो ब्लू’ची ट्यूब असते. त्यांच्यापैकी किती जणांना ती डांबरगोळीची नात आहे हे माहीत असतं, देव जाणे.

*कातड्याचं.* डिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरने 1826 साली रोगाला त्यावरून नाव दिलं, तो डिफ्थीरिया. मराठीत घटसर्प. त्या डॉक्टरला घशात कातडं दिसलं, आपल्याला साप. त्रिगुणी लशीच्या डीपीटीमधला डी तो हाच.

*किरकोळ दोन.* ॲफ्था म्हणजे तोंड आल्यावर उठतो तो फोड. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचा गट ॲफ्थोव्हायरस, त्याचं नाव याच्यावरूनच. आणि थिरायसिस (लिहिताना फ्थ) म्हणजे उवा होणं, ग्रीक फ्थेर म्हणजे ऊ. एका जातीच्या उवेचं शास्त्रीय नाव देताना 1815 साली पहिला एच लिहायचा राहिला, आणि प्राणिशास्त्राच्या नियमांनी ती चूकच अधिकृत ठरवली. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

*क्षयाचं कूळ.* हे मुद्दाम शेवटी ठेवलं. थायसिस (लिहिताना फ्थ) हे क्षयरोगाचं जुनं इंग्रजी नाव. जर्मन डॉक्टर कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू दाखवला, त्याच्या आधीच्या वैद्यकीय लिखाणात हाच शब्द भेटतो. ग्रीक धातू फ्थि म्हणजे झिजणं, नष्ट होणं. संस्कृत धातू क्षि, अर्थ तोच. आणि हा योगायोग नव्हे. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही धातू एकाच मूळ धातूची लेकरं मानतात: ग्रीकचा फ्थ तिथे आपला क्ष आहे. थायसिस आणि क्षय हे अर्थाने प्रतिशब्द आहेतच, रक्तानेही चुलत भाऊ आहेत.

पुरावा हवा असेल तर तो फार देखणा आहे. होमरच्या इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीस ‘क्लेऑस आफ्थितॉन’बद्दल बोलतो, म्हणजे न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात इंद्राकडे ‘श्रवः’ मागितलं आहे आणि त्याला विशेषण आहे ‘अक्षितम्’. आ-फ्थि-तॉन, अ-क्षि-तम्. क्लेऑस, श्रवस्. आडाल्बर्ट कून या जर्मन पंडिताने 1853 साली ही जोडी शेजारी मांडली, तेव्हापासून तिच्यावर लिहिणं थांबलेलं नाही. मी हे नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, म्हणजे अक्षय तृतीयेत फ्थ आहे!” वहीत तसंच लिहिलंय.

पण सावध. या आनंदात प्रत्येक फ्थच्या जागी क्ष घालत सुटू नका. नॅफ्था ग्रीकमध्ये पश्चिम आशियातून आला, फारसीत तो नफ्त आहे. त्याचा क्षशी काही संबंध नाही. आणि थॅलिक तर शेपटीच. कोशातली व्युत्पत्ती वाचल्याशिवाय नातं जोडायचं नाही, हा आमच्या जिन्यावरचा नियम आहे आणि तो मीच सर्वांत जास्त वेळा मोडलेला आहे.

5. उच्चार

थोडक्यात: शब्दाच्या सुरुवातीला फ्थ आला तर इंग्रजीत फ गिळतात आणि थ उरतो. थॅलेट, थायसिस. मधे आला तर कोशांत दोन्ही उच्चार मिळतात, डिफ्थीरिया आणि डिप्थीरिया. म्हणजे रिफायनरीतले लोक नॅप्था म्हणतात ते चूक नाही. स्पेलिंगचा घोळ मात्र त्यातूनच होतो: तोंड प्थ म्हणतं, हात तसंच लिहितो. म्हणून वहीत दोन रकाने करा, एक ‘बोलताना’, एक ‘लिहिताना’. लिहितानाच्या रकान्यात नेहमी फ्थ.

दोन उपटसुंभ वेगळे पाठ करावे लागतील. थायसिसचा जुना भाऊ, ज्याच्या शेवटी आय-सी आहे, त्याचा उच्चार टिझिक. ना फ, ना थ. आणि अपॉफ्थेग्म म्हणताना नुसतं ‘ॲपथेम’, जी सुद्धा गप्प.

6. वही आणि परीक्षा

एका पानावर एक कूळ. वर मूळ ग्रीक शब्द देवनागरीत आणि त्याचा मराठी अर्थ, खाली शब्द, चौकडी लाल पेनाने. प्रत्येक शब्दापुढे घरातली एखादी वस्तू किंवा प्रसंग लिहायचा: डांबरगोळी, लशीचं कार्ड, रंगाची ट्यूब. जिथे वस्तू सापडत नाही तो शब्द विसरला जातो, हा अनुभव.

परीक्षा घेताना इंग्रजी शब्द विचारू नका. मराठी अर्थ सांगा आणि स्पेलिंग मागा. “घशातलं कातडं?” “कपाटातली गोळी?” मुलं चौकडीपाशी अडखळली की उत्तर सांगायचं नाही, ‘फ्थ की प्थ?’ एवढंच विचारायचं. आठवड्याला एक कूळ पुरे. स्पर्धा चार दिवसांवर आली असेल तर क्षयाचं कूळ सोडा आणि डोळ्याचं घोटून घ्या, कारण सगळ्यात जास्त शब्द त्याचेच.

पालकांना एक विनंती. चुकल्यावर पन्नास वेळा लिहायला लावू नका. माझ्या हाताने तो चुकीचा शब्द हजारो वेळा लिहिला होता, आणि हात शहाणा झाला नाही.

7. पुढचा तुकडा

फ्थ झालं की सी-एच-टी-एच घ्या. ग्रीक काय आणि थीटा, म्हणजे आपलं ‘ख्थ’. शब्द थोडे आहेत, पण वजनदार. इक्थिऑलॉजी म्हणजे मत्स्यविज्ञान. थॉनिक (सुरुवातीचा ख गिळून) म्हणजे भूगर्भातलं, पाताळातल्या देवतांचं. त्याच्या मुळाशी ख्थॉन, म्हणजे जमीन, आणि इथेही क्ष हजर: संस्कृतात पृथ्वीला क्षम्, क्षमा म्हणतात ते याचेच सख्खे.

त्याच जमिनीतून निघालेला शब्द ऑटॉक्थन: ‘त्या मातीतूनच उगवलेला’. याला मराठीत शब्द शोधावा लागला नाही, भूमिपुत्र. नातीने तो वहीत लिहिला, पेन दाताखाली धरलं आणि विचारलं, “आपण गायकवाडांच्या मागून इथे आलो ना? मग वडोदऱ्यात आपण ऑटॉक्थन की नाही?” शेजारच्या गुजराती बेन जिन्यावरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तू तर इथेच जन्मलीस ना!” नातीने थोडा विचार केला आणि शब्दासमोर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तसंच आहे.